डॅशकॅम घरी फ्यूज बॉक्सवरून जोडायचा तर आधी बॅटरीचा हिशेब

प्रश्न असा आहे. तीन वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, ती कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या बोळात घरासमोर उभी असते. पुढचा आणि मागचा असा दोन कॅमेऱ्यांचा डॅशकॅम घेतलाय. सध्या तो सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालतो आणि वायर डॅशबोर्डवर लोंबतेय. उभ्या गाडीला येणारे-जाणारे घासून जातात, म्हणून रात्रीही रेकॉर्डिंग हवंय. ॲक्सेसरीच्या दुकानात 'स्टीरिओची वायर सोलून जोडून देतो' म्हणाले, सर्व्हिस सेंटरवर 'वॉरंटी जाईल' म्हणाले, आणि मित्राने 'बॅटरी बसेल' म्हणून घाबरवलं. घरी जमेल का?

जमेल. घाई नसेल आणि हातात स्क्रू ड्रायव्हर धरायची सवय असेल तर एका रविवारचं काम आहे. तिघांपैकी दुकानदाराचं तेवढं ऐकू नका. वायर सोलून जोडली की त्या सर्किटच्या वॉरंटीवरून वाद निघतोच, आणि हिशेब न करता जोडली की बॅटरी बसतेच. मी उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो. डॅशकॅम लावल्यावर 'वायर दिसते' अशी तक्रार घेऊन माझ्याकडे कुणी येत नाही. 'सकाळी सेल्फ घेत नाही' म्हणून येतात. त्यामुळे पहिला विचार बॅटरीचा, मग फ्यूजचा, आणि वायर लपवायची सगळ्यात शेवटी.

बॅटरीची क्षमता तिच्या लेबलवर छापलेली असते. तुमच्या वर्गातल्या गाडीत ती बहुतेक ३५ अँपिअर-अवर निघेल. दोन कॅमेऱ्यांचा डॅशकॅम पार्किंग मोडला, म्हणजे उभ्या गाडीत रेकॉर्डिंग चालू असताना, चारेक वॅट खातो. फ्यूज बॉक्समधून १२ व्होल्ट घेऊन कॅमेऱ्याला ५ व्होल्ट देणारं एक किट मध्ये लावावं लागतं; त्यातलं थोडं नुकसान धरलं तर १२ व्होल्टवर ते ०.४ अँपिअरच्या आसपास जातं. म्हणजे रात्रीच्या दहा तासांत ४ अँपिअर-अवर, आणि गाडी पुरा दिवस उभी राहिली तर साडेनऊ. पस्तिसातले साडेनऊ गेले तर काय बिघडलं, असं वाटेल. पण पस्तीसच्या पस्तीस वापरायचे नसतात. लेड-ॲसिड बॅटरी वरचेवर निम्म्याखाली उतरवली की प्लेटांवर सल्फेट घट्ट धरतं आणि बॅटरीचं आयुष्य तुटतं. म्हणजे नव्या बॅटरीतले हाताशी १७ राहिले. तुमची तीन वर्षांची आहे, तिथे बारा-तेरा धरा. शुक्रवारी रात्री गाडी लावली आणि शनिवारभर हलवली नाही, तर रविवारी पहाटे हा साठा संपलेला असतो.

आता दुसरी बाजू, जी कुणी बघत नाही: गेलेलं भरून कधी यायचं? मंगळवार पेठेतून राजारामपुरीत ऑफिसला गेलात आणि संध्याकाळी परत आलात, एवढंच गाडीचं फिरणं असेल तर दर खेपेला अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनरेटरला, दहा-पंधरा मिनिटं मिळतात. दहा मिनिटांत ४ अँपिअर-अवर परत घालायचे तर सलग २४ अँपिअर बॅटरीत जायला हवेत. रिकामी बॅटरी सुरुवातीला तेवढं घेईलही, पण जसजशी भरत जाते तसतशी ती कमी घेते, आणि शेवटचा पाव हिस्सा भरायला तासन् तास लागतात. वर एसी, हेडलाइट, वायपर सगळं त्याच अल्टरनेटरवर. म्हणजे रोज थोडं थोडं कर्ज चढत जातं आणि पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी ते अंगावर येतं. रोज हायवेने कागल नाहीतर गोकुळ शिरगावला जाणाऱ्याला हा त्रास होत नाही. तोच कॅमेरा, तेच किट, पण त्याची गाडी तासभर पळते.

म्हणून किट घेताना एकच गोष्ट बारकाईने बघा: कट-ऑफ व्होल्टेज किती आणि ते बदलता येतं का. बॅटरी ठरावीक व्होल्टेजच्या खाली उतरली की किटने कॅमेऱ्याचा पुरवठा तोडायचा असतो. निवांत पडलेली, भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ ला पाव उरलेली, आणि ११.८ ला रिकामी म्हटली तरी चालेल. काही स्वस्त किटांत कट-ऑफ ११.६ ला कायमचा बसवलेला असतो. त्या आकड्याला किट कॅमेरा बंद करेलही, पण तोवर सेल्फ मारायला काही उरलेलं नसतं. असं किट फुकट मिळालं तरी नको. तुम्ही १२.२ ठेवा. बॅटरी चार वर्षांच्या पुढे गेली की १२.४. 'मग पहाटे चारलाच कॅमेरा बंद पडतो' अशी कुरकूर होईल, तर पडू दे. तो आकडा तुम्हाला बॅटरीची खरी अवस्था सांगतोय.

रेकॉर्डिंगचा प्रकारही याच हिशेबात येतो. हालचाल दिसली की रेकॉर्ड करणारा मोड पेठेतल्या बोळात निरुपयोगी आहे. कुत्रं, मांजर, दूधवाला, दुचाकी, सगळ्यांवर तो जागा होतो आणि कार्ड भरून टाकतो. धक्का बसल्यावर जागा होणारा मोड कमी वीज खातो, पण त्याला आरसा मोडून जाणारा धक्का कळतो, हँडलने दार खरवडून गेलेली मोटारसायकल कळत नाही. तुमच्यासाठी कमी फ्रेमचं सलग रेकॉर्डिंग बरं, आणि मेन्यूत वेळेची मर्यादा असेल तर आठ तास. एक अपेक्षा मात्र आधीच कमी करून घ्या. पुढचा आणि मागचा कॅमेरा गाडीच्या बाजू बघत नाहीत. बाजूने घासणारा माणूस घासताना दिसत नाही, पुढे निघून गेल्यावर पाठमोरा दिसतो. नंबर प्लेट मिळाली तर नशीब.

माझं मत विचाराल तर दहातल्या सात जणांना पार्किंग मोडची गरजच नसते. आपल्याकडे कॅमेऱ्याचा खरा उपयोग चालत्या गाडीत आहे. गळीत हंगामात रात्री राधानगरी रोडला किंवा हातकणंगल्याकडे गाडी काढली की दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, अचानक समोर उभा राहतो. तिथे काय घडलं हे दाखवायला की ऑन असतानाचं रेकॉर्डिंग पुरतं. ज्यांची गाडी कंपाउंडच्या आत लागते त्यांनी किटच्या दोन्ही पॉझिटिव्ह वायरी एकाच, की ऑन केल्यावर चालू होणाऱ्या फ्यूजला जोडाव्यात. गाडी बंद झाली की कॅमेरा बंद, बॅटरीची काळजी मिटली. तुमची गाडी बोळात असते, म्हणून पुढचं सगळं पार्किंग मोड धरून लिहितोय.

किटमधून तीन वायरी निघतात. एक कायम पुरवठ्याची, म्हणजे चावी काढली तरी १२ व्होल्ट असणारी. दुसरी एसीसीची, म्हणजे चावी फिरवल्यावरच जिवंत होणारी; हिच्यावरून कॅमेऱ्याला कळतं की गाडी चालू आहे की उभी. तिसरी काळी, अर्थची, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडायची. रंगांवर विश्वास ठेवू नका. कार स्टीरिओच्या वायरिंगमध्ये पिवळी कायम पुरवठ्याची आणि लाल एसीसीची असते, तर डॅशकॅमच्या काही किटांत बरोबर उलटं असतं. किटबरोबरचा कागद वाचा. दोन्ही उलट जोडल्या गेल्या तर काही जळत नाही, पण गाडी चालू असताना कॅमेरा ठीक वाटतो आणि पार्किंग मोड मात्र कधीच लागत नाही. लोक मग कॅमेरा बदलून आणतात.

सामान फार नाही: दोन फ्यूज टॅप, २ किंवा ३ अँपिअरचे दोन फ्यूज, एलईडीचा टेस्ट लॅम्प नाहीतर साधा मल्टिमीटर, ट्रिम (गाडीतली आतली प्लॅस्टिकची आवरणं) उघडायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, कापडी टेप, केबल टाय आणि १० नंबरचा पाना. फ्यूज टॅप म्हणजे मूळ फ्यूजच्या जागी बसणारा छोटा जोड. त्याच्यात गाडीचा फ्यूज आणि तुमचा नवा फ्यूज असे दोन बसतात आणि कुठलीही वायर तोडावी लागत नाही. टॅप फ्यूजच्या मापाचा लागतो. मिनी, लो-प्रोफाइल मिनी, मायक्रो, साधा ब्लेड असे प्रकार आहेत आणि लांबून सगळे सारखेच दिसतात. गाडीतला फ्यूज काढून खिशात घालून दुकानात जा आणि शेजारी धरून टॅप घ्या. अंदाजाने घेतलेला टॅप जोराने दाबून बसवला की फ्यूज बॉक्समधली पितळी जीभ पसरते, मग मूळ फ्यूजही ढिला बसतो आणि तिथे गरम व्हायला लागतं. हे दुरुस्त करणं महागाचं काम आहे. वायर न सोलता तिच्यावर दाबून बसवायचे निळे-लाल टॅप कनेक्टर मिळतात, ते घेऊच नका. आतले तांब्याचे धागे कापतात.

फ्यूज बॉक्स बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली, प्लॅस्टिकच्या झाकणामागे असतो. कुठला फ्यूज कशाचा याचा नकाशा झाकणाच्या आत किंवा गाडीच्या पुस्तकात मिळतो. बॉनेटखालच्या बॉक्सला हात लावू नका. तिथे उष्णता आहे आणि पाणी आहे. नकाशात एअरबॅग, एबीएस, पॉवर स्टिअरिंग, इंजिनचा ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आणि फ्युएल पंप जिथे दिसतील त्या जागा विसरून जा. एसीसीसाठी सिगारेट लायटरचं किंवा मागच्या वायपरचं सर्किट चांगलं. कायम पुरवठ्यासाठी हॅझर्ड किंवा सेंट्रल लॉकिंग. रूम लॅम्पवर सगळे डोळे झाकून जोडतात, पण बऱ्याच नव्या गाड्यांत दार लॉक केल्यावर काही मिनिटांनी बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे, लॉक सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर) तो पुरवठा स्वतःच तोडतं. मग 'रात्री अकरानंतर रेकॉर्डिंगच नाही' म्हणून फोन येतात.

जागा नकाशावरून निवडा, पण खात्री दिव्यानेच करा. टेस्ट लॅम्पची चिमटी दाराच्या चौकटीतल्या उघड्या धातूच्या बोल्टला लावा. बऱ्याच फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात. फ्यूज न काढता तिथे टोक टेकवता येतं. चावी बंद असताना दिवा लागला तर कायम पुरवठा, चावी फिरवल्यावरच लागला तर एसीसी. इथे थांबू नका. कायमच्या पुरवठ्याला दिवा अडकवून तो डॅशबोर्डवर काचेतून दिसेल असा ठेवा, गाडी लॉक करा आणि चहा पिऊन या. अर्ध्या-पाऊण तासाने काचेतून बघा. दिवा जळतोय तर ती जागा तुमची. एसीसीचीही अशीच उलट परीक्षा असते. काही गाड्यांत चावी काढली तरी दार उघडेपर्यंत स्टीरिओ चालू राहतो, म्हणून चावी काढून, दार उघडून, लॉक करून मगच दिवा विझला का ते बघा. जुन्या पद्धतीचा बल्बवाला टेस्टर मात्र नव्या गाडीत नको. तो जास्त करंट ओढतो आणि चुकून एखाद्या सेन्सरच्या वायरीवर टेकला तर नुकसान करतो.

टॅपच्या दिशेला महत्त्व आहे, आणि दुकानात हे कुणी सांगत नाही. फ्यूज काढल्यावर दोन खाचा दिसतात. त्यातल्या एकीत पुरवठा येतो, दुसरीतून तो पुढे जातो. दोन्ही खाचांत आळीपाळीने टेस्टर घाला. ज्या खाचेत दिवा लागतो ती पुरवठ्याची. टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजना पुरवठा देतो तो त्याच खाचेत गेला पाहिजे. उलटा बसला तरी कॅमेरा चालतो, फक्त त्याचा करंट आधी गाडीच्या मूळ फ्यूजमधून जातो आणि मूळ फ्यूज उडाला की कॅमेराही जातो. दिशा बरोबर आहे का हे बघायला टॅपमधला मूळ फ्यूज उपटून बघा. तरीही कॅमेरा चालू राहिला तर बरोबर बसलाय. टॅपमध्ये मूळ फ्यूज पायांजवळच्या घरात, त्याच अँपिअरचा. वरच्या घरात तुमचा. कॅमेऱ्याला राखाडी २ चा किंवा जांभळा ३ चा पुष्कळ झाला. टॅपबरोबर १० किंवा १५ चा फ्यूज फुकट येतो, तो तिथे घालू नका. किटची वायर केसासारखी बारीक असते. शॉर्ट झालाच तर १५ चा फ्यूज शांत बसतो आणि वायर जळते.

पुरात बुडालेली जुनी गाडी घेतली असेल, २०१९ च्या म्हणा नाहीतर २०२१ च्या, तर टॅप लावायच्या आधी फ्यूज बॉक्सच्या खाचा टॉर्चच्या उजेडात नीट बघा. हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर हे काम बाजूला ठेवा आणि गाडी आधी वायरिंगवाल्याला दाखवा. अशा बॉक्सवर नवीन काही जोडणं म्हणजे नसता उद्योग.

अर्थ हा सगळ्यात हलक्याने घेतला जाणारा आणि सगळ्यात जास्त छळणारा भाग. काळ्या वायरीच्या टोकाला थिंबल, म्हणजे भोक असलेली धातूची चकती असते, ती सरळ गाडीच्या पत्र्यात गेलेल्या बोल्टखाली दाबायची. फ्यूज बॉक्सच्या आजूबाजूला चमकणारे बरेच बोल्ट दिसतात, पण त्यातले काही नुसते प्लॅस्टिकच्या ब्रॅकेटमध्ये असतात आणि काहींच्या खाली जाड रंग असतो. मीटर ओहमवर लावून बोल्टपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजा, एक ओहमच्या आत आलं पाहिजे. एअरबॅगच्या मॉड्यूलचा अर्थ बोल्ट वापरू नका. अर्थ कच्चा राहिला की कॅमेरा मध्येच बंद पडून चालू होतो. त्याहून फसवा प्रकार असा की किट स्वतःच्या टोकांवरचं व्होल्टेज मोजतं. जोडात अर्धा व्होल्ट खाल्ला गेला तर बॅटरी १२.६ ला असली तरी किटला ती १२.१ वाटते आणि ते कट-ऑफ करतं. बॅटरी नवी, किट नवं, तरी पार्किंग मोड दोन मिनिटांत बंद, असं झालं तर आधी तो बोल्ट काढून घासा.

आता वायर ओढायची. कॅमेरा समोरच्या काचेवर आतल्या आरशाच्या मागे, ड्रायव्हरच्या नजरेआड चिकटवा. काचेच्या कडेच्या काळ्या ठिपक्यांवर चिकटपट्टी नीट धरत नाही. आरशामागे एडासचा (गाडी स्वतः रस्ता बघून ड्रायव्हरला मदत करते त्या यंत्रणेचा) कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असेल तर त्याच्यापुढे काही येता कामा नये. तिथून वायर छताच्या कापडाच्या कडेत बोटाने ढकलत पिलरपर्यंत, म्हणजे समोरची काच आणि दार यांच्यामधल्या खांबापर्यंत न्यायची. ते काम पाच मिनिटांचं.

पिलरपाशी मात्र सावकाश. प्लॅस्टिकवर 'एअरबॅग' असा ठसा असेल तर त्याच्या मागे कर्टन एअरबॅग, म्हणजे धडकेत खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग, गुंडाळलेली आहे. अशा गाडीत पिलर उघडायच्या आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि पाच मिनिटं जाऊ द्या, कारण एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये थोडा वेळ चार्ज शिल्लक असतो. ट्रिम सरळ स्वतःकडे खेचा. ती बहुतेक वेळा एका दोरीच्या क्लिपला अडकून राहते, ती तोडू नका. तुमची वायर एअरबॅगच्या मागून, पत्र्याला लागून गेली पाहिजे आणि कंपनीच्या वायरिंगला केबल टायने बांधली पाहिजे. पुढून नेली तर एअरबॅग उघडताना ती वायर चेहऱ्याकडे येते किंवा एअरबॅगच अडकते. ट्रिम आणि काचेच्या फटीत वायर खुपसून मोकळे होणारे बरेच आहेत. कर्टन एअरबॅग असलेल्या गाडीत हे मला अजिबात मान्य नाही. एअरबॅगचा पिवळा कनेक्टर समोर आला तरी त्याला हात लावायचा नाही, आणि तो सुटलेला असताना चावी तर फिरवायचीच नाही; वॉर्निंग लाइट लागते आणि ती स्कॅनरशिवाय जात नाही.

मागच्या कॅमेऱ्याची वायर छताच्या कडेनेच न्या, दारांच्या उंबऱ्यातून नको. उंबऱ्यात पावसाळ्यात पाणी आणि चिखल. हॅचबॅकमध्ये अडचण डिकीच्या दारापाशी येते. छत आणि डिकीचं दार यांच्यामध्ये सुरकुत्यांची एक रबरी नळी असते, कंपनीच्या वायरी तिच्यातून जातात. तुमचीही तिच्यातूनच गेली पाहिजे. नळीची दोन्ही टोकं हलक्या हाताने काढा, कडक तार घालून पलीकडे काढा, वायरीचं टोक तारेला टेपने चपटं बांधा, थोडं साबणाचं पाणी लावा आणि ओढा. कॅमेऱ्याचा प्लग जाड असेल तर इथे तासभर जातो, वैतागू नका. नळी टाळून वायर बाहेरून नेली तर डिकी उघड-बंद होताना ती दर वेळी दुमडते आणि काही महिन्यांत आतून तुटते. नळी परत बसवताना तिची कड खोबणीत सगळीकडून बसलीय का ते बोटाने फिरवून बघा, नाहीतर पहिल्याच पावसात डिकीत पाणी. जादा वायर गुंडाळून कापडी टेपने बांधा. साधी काळी टेप उन्हात चिकट होऊन सुटते, आणि सुटी वायर गगनबावड्याच्या रस्त्यावर प्लॅस्टिकला टक टक वाजत राहते. किटचा डबा स्टिअरिंगच्या रॉडपासून आणि पेडलपासून लांब, घट्ट बांधा. ब्रेकखाली लोंबणारी वायर हा विनोदाचा विषय नाही.

सगळं झाल्यावर ट्रिम बंद करायच्या आधी तपासा. चावी फिरवली की कॅमेरा चालू, सेल्फ मारताना तो मध्येच बंद पडून पुन्हा सुरू व्हायला नको, चावी काढून दार लॉक केल्यावर थोड्या वेळात पार्किंग मोड. सेल्फ मारताना एसीसी क्षणभर जातो, म्हणून नुसत्या एसीसीवर जोडलेला कॅमेरा तेव्हा पुन्हा सुरू होतो. तो दोष समजू नका. गाडी चालू करून एफएमही लावून बघा. स्वस्त किट १२ चे ५ व्होल्ट करताना इतका खरखराट करतं की टोमॅटो एफएमसुद्धा ऐकू येत नाही. वायरीला फेराइटचा मणी लावला आणि ती अँटेनाच्या वायरीपासून लांब नेली की बराच फरक पडतो. नाहीच पडला तर किट बदला. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारायच्या आधी बॅटरीचं व्होल्टेज मोजा, आणि पहिला आठवडाभर मोजत राहा. आकडा रोज थोडा खाली सरकतोय असं दिसलं तर पार्किंगची वेळ कमी करा.

कॅमेऱ्याबद्दल दोनच शब्द. आतमध्ये लिथियम बॅटरीऐवजी कॅपॅसिटर असलेला घ्या. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या काचेला लिथियम बॅटरी फुगते. कार्ड हाय एन्ड्युरन्सचं, म्हणजे सतत लिहिणं-पुसणं सहन करणारं हवं. आणि उंदीर. पावसाळ्यात पेठांमध्ये उभ्या गाड्यांत ते शिरतातच, आणि नव्या वायरीचं आवरण त्यांना जुन्यापेक्षा जास्त आवडतं असं माझं निरीक्षण आहे. डॅशबोर्डखालच्या तुकड्यावर जाळीदार स्लीव्ह चढवा.

अपघाताचं किंवा नासधुशीचं रेकॉर्डिंग मिळालं तर मोबाइलवर पाठवापाठवी करण्याआधी कार्ड बाहेर काढून बाजूला ठेवा, नाहीतर कॅमेरा त्याच्यावर नवीन लिहीत राहतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे आणि त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा रेकॉर्डिंगच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. पोलिसांत किंवा कोर्टात द्यायची वेळ आली तर वकिलाला मूळ कार्डच दाखवा.

इलेक्ट्रिक गाडी असेल, फ्यूज बॉक्समध्ये टॅपला जागाच नसेल, किंवा कर्टन एअरबॅगच्या पिलरला हात लावायचं धाडस होत नसेल, तर तेवढा भाग वायरिंगवाल्याकडून करून घ्या. फक्त त्याला आधी विचारा, फ्यूज टॅप लावणार की वायर सोलणार. सोलणार म्हणाला तर गाडी तशीच परत घेऊन या. काम घरी केलंत तर दोन्ही टॅपवर पांढऱ्या टेपने मूळ फ्यूजचा क्रमांक आणि अँपिअर लिहून ठेवा. सर्व्हिसिंगला गाडी देताना टॅप काढायचे, मूळ फ्यूज जागेवर लावायचे, किटचं टोक टेप गुंडाळून आत सरकवायचं. परत आल्यावर पुन्हा लावायला दोन मिनिटं लागतात.